जुन्या लॅपटॉपची तीन तोंडं

परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. 'आहे' म्हणते, पण आता मी तिथे सकाळचीच बसते. दुपारनंतर बाईंनी घरी असावं, असं माझे गुडघे आणि चष्म्याचा नंबर यांनी मिळून ठरवलंय. पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक अजूनही आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या डोक्यावरून आत डोकावतं आणि विचारतं, "मालक न्हाईत का?" पूर्वी मला राग यायचा. आता मी सांगते, "मालक घरी भाजी चिरायलेत. तुमचं काय बिघडलंय ते बोला." आणि हे पुष्कळदा खरंच असतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुरुस्ती म्हणजे मशीन उघडायचं, आतलं जळकं शोधायचं आणि बदलून टाकायचं. तसंही करतो आम्ही. पण माझं निम्मं आयुष्य मशीनच्या दारातच गेलं, म्हणजे वायर जिथून आत जाते त्या पोर्टापाशी. त्यातही खिशात मावणारी, बाहेरून लावायची हार्ड डिस्क आणि जुना लॅपटॉप यांची गाठ घालून देण्याचं काम मी इतक्यांदा केलंय, की शेजारी एखादं वधू-वर सूचक मंडळ काढलं असतं तरी चाललं असतं.

या दोघांचं जमत का नाही, ते सांगते. त्या डिस्कच्या डबीत एक तबकडी असते आणि ती फिरायला वीज लागते. ही वीज येते त्याच वायरीतून, जिच्यातून तुमचे फोटो आणि गाणी ये-जा करतात. नव्या लॅपटॉपच्या पोर्टातून वीज भरपूर येते, जुन्याच्या पोर्टातून जेमतेम. मग तबकडी फिरायला लागते, दम तुटतो, थांबते, पुन्हा उठते. बाहेर आवाज येतो, टक्, टक्, टक्. वरच्या मजल्यावर नळाला पाणी चढत नाही, तसलाच हा प्रकार. यावर साधा उपाय म्हणजे दोन तोंडांची वायर. एक तोंड एका पोर्टात, दुसरं शेजारच्या पोर्टात, दोन्हीकडची वीज एकत्र झाली की तबकडी मुकाट्यानं फिरायला लागते.

पण हा उपाय माहीत होईपर्यंत लोक काय काय करतात! कुणी डिस्कला चापट्या मारतं. एकानं ती थंड व्हावी म्हणून फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली होती. येलदरीचे एक काका तक्रार घेऊन आले, की वायर झकास बसते पण कामच करत नाही. बघितलं तर त्यांनी ती इंटरनेटच्या केबलच्या खाचेत घातलेली. मी म्हटलं, "काका, ही जागा हिची नाही." काका म्हणाले, "मग तितं बसतीय कशाला?" 

दसरा झाला की माझ्याकडे रांग लागते. आपल्याकडे अवजारांची पूजा होते आणि लॅपटॉप हे आता अवजारच झालंय. हळद, कुंकू, फूल सगळं त्याला वाहतात आणि त्यातलं निम्मं पोर्टात उतरतं. मी मऊ ब्रशानं कुंकू झटकत बसते आणि प्रत्येकाला तेच सांगते, "पूजा करा, पण लांबून करा." नमस्कार पोचतो तेवढ्या अंतरावरून.

आता दत्ताची गोष्ट. दत्ता झरीचा. तिथे त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांचं शूटिंग तोच करतो. त्याचा लॅपटॉप माझ्या दुकानातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. झाकणाची बिजागरी चिकटपट्टीनं धरलेली, दोन अक्षरं पुसून गेलेली. "दत्ता, हा बदल आता," असं मी त्याला दरवर्षी सांगायची. तो म्हणायचा, "मॅडम, माजं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर नव्यावर चालंना. ह्यो गेला की मी बी गेलो." त्याच्यासारखी माणसं आता कमी झालीत. हल्ली लोक मशीन फेकतात आणि नवीन आणतात. नव्या लॅपटॉपला तर तोंडंच राहिली नाहीत, एखादी बारीकशी फट असते कडेला. दुरुस्तीच्या धंद्यानं मला पोसलं, तो असा डोळ्यांदेखत आटताना बघून वाईट वाटतं. असो.

वैशाखात एके दिवशी सकाळी दत्ता आला. हातात लॅपटॉप, खिशात हार्ड डिस्क, आणि मी चहा मागवते म्हटलं तर नको म्हणाला. दत्ता चहाला नको म्हणतोय म्हटल्यावर मी ओळखलं, प्रकरण साधं नाही.

"मॅडम, डिस्क मेली."

"कशावरून?"

"टक टक करायलीय. त्यात पूजाच्या अक्षता हायत. आक्का मला आता जित्ता सोडत न्हाई."

पूजा म्हणजे त्याची भाची. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, कुशिवर्ताबाई. गंगाखेडच्या बाजूला एका गावात दिलेली. पूजाचं लग्न ठरलं, तेव्हा आक्कांनी भावाला बजावलं होतं, "शूटिंगला दुसरा मानूस लाव. तू मामा हाईस, तुला नवरीमागं हुबं ऱ्हावं लागंल." दत्ताचा स्वाभिमान दुखावला. स्वतःच्या भाचीचं लग्न दुसऱ्यानं काढायचं? त्यानं कॅमेरा स्टँडवर चढवला, त्याची वायर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासाठीच्या वेगळ्या खाचेत जोडली, लॅपटॉप भरलेला म्हणून पुढे हार्ड डिस्क लावली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फेटा बांधून नवरीमागं जाऊन उभा राहिला. वर माईकवरून सगळ्या मांडवाला सूचना दिली, "मोबाईल खाली करा, शूटिंग चालू हाय." त्यामुळे ज्या दोन-चार लोकांनी मोबाईलवर काही टिपलं, त्यात नुसती डोकी आणि फेट्यांचे तुरे.

इथवर ठीक होतं. पण हे प्रकरण आक्कांच्या एवढं जिवाला का लागलं, ते कळायला एक गोष्ट माहीत पाहिजे. आमच्याकडे बऱ्याच घरांत मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टका सुरू झाल्या की ती मांडवाच्या कडेला जाऊन तुळशीला पाणी घालते, नवरा-नवरीकडे पाठ करून. सगळं गाव अक्षता टाकतं. जिनं मुलीला जन्म दिला ती तेवढी टाकत नाही. माझ्या लग्नात माझी आईही तशीच पाठमोरी उभी होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

म्हणून आक्कांनी लग्नाच्या आदल्या दिवशी दत्ताला सांगितलं होतं, "मला अक्षता तुज्या त्या लॅपटॉपच्या पेटीतच बगायच्यात. येवढी जिम्मेदारी तुजी."

आणि शेवटची मंगलाष्टका संपून हार घालताना लोक पुढे सरसावले. कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. डिस्कची दोन्ही तोंडं पोर्टातून उपसून निघाली आणि रेकॉर्डिंग बंद पडलं. दत्तानं नंतर वायर परत लावली तर एक तोंड बसलं, दुसरं अर्ध्यातच अडलं. त्यानं जोर लावून पाहिलं. डिस्क टक टक करायला लागली. आक्कांना कळलं तेव्हा त्या भावाला एवढंच म्हणाल्या, "अक्षता दिसल्याबिगर माज्या दारात येऊ नको."

मी आधी डिस्क माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावली. मस्त फिरली. दत्ताचा चेहरा उजळला.

"मेली न्हाई व्हय?"

"ठणठणीत आहे. पण लग्नाची फाईल उघडत नाहीये."

तीही भानगड सांगते. रेकॉर्डिंग नीट बंद केलं, की सॉफ्टवेअर त्या फाईलला शेवटची गाठ मारतं. इथे वायरच उपसली गेली, गाठ मारायची राहून गेली. चित्रं सगळी डिस्कमध्ये होती, पण कुठलं चित्र कशानंतर याचा माग मात्र त्या जुन्या लॅपटॉपमध्ये. फाईल दुसरीकडे उतरवून चालणार नव्हतं, त्या सॉफ्टवेअरला हीच डिस्क लागते; दोघांना एकमेकांना जोडलं तरच काम होणार. म्हणजे गाडी फिरून पुन्हा त्याच दारात.

त्या लॅपटॉपला डिस्क लावायच्या पोर्टांची तोंडं तीन. उजवीकडचं फार पूर्वीच तुटलेलं, आतली जीभ गायब. डावीकडे दोन. वरच्यात वायर नीट बसायची, पण एकट्याची वीज पुरत नव्हती. खालच्यात तोंड अर्ध्यात अडायचं. एका पोर्टाची चार करणारा, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब माझ्याकडे होता, तोही लावून पाहिला. त्या म्हाताऱ्या लॅपटॉपनं हबला ओळखच दाखवली नाही. वाकलेल्या पत्र्यामुळे पोर्ट अडतं असा माझा अंदाज होता, आणि तसं असेल तर सुटा भाग मागवून झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, करावं लागणार होतं. इतक्या जुन्या मॉडेलचा भाग मिळेलच याची खात्री नव्हती. मी लॅपटॉप ठेवून घेतला आणि दत्ताला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दत्ता यायच्या आधी आक्काच आल्या. सकाळच्या एसटीनं, एकट्या. उंच बाई, हिरवं लुगडं, काखेत पिशवी. दुकानात शिरून त्यांनी डोक्यावरून आत वगैरे बघितलं नाही, सरळ माझ्यासमोरचं स्टूल ओढलं.

"तुमीच का मॅडम? मी दत्ताची बहीण. त्यो म्हनतोय मशीन बिगडलंय. मला वाटायलंय त्यानं शूटिंग केलंच न्हाई, लाजंपायी सांगंना. लहानपनापासून असाच हाय. खरं काय ते तुमी सांगा."

मी सांगितलं, शूटिंग झालंय, डिस्कमध्ये आहे, फक्त बाहेर येत नाहीये.

"मग काडा की भायेर," आक्का म्हणाल्या आणि पिशवीतून भाकरीचं फडकं काढून मांडीवर ठेवून बसल्या. काढल्याशिवाय त्या उठणार नाहीत हे मला कळलं. तेवढ्यात दत्ता आला, बहिणीला बघून उंबऱ्यातच थांबला. त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. मला उद्देशून म्हणाल्या, "त्याला म्हनावं, बस."

झाळकामाच्या आधी मी भिंग आणि टॉर्च घेऊन त्या खालच्या पोर्टात नीट बघितलं. आत, अगदी तळाशी, काहीतरी लाल दिसलं.

"दत्ता, दसऱ्याला पूजा केली होतीस ना?"

"केली. पर लांबून. तुमीच सांगितल्यालं."

"मग हे कुंकू कुठून आलं?"

कुंकू असतं तर ब्रशानं निघालं असतं. हे हलेना. अशा वेळी लोक सुई घालतात, आणि सुई हीच पोर्टाची खरी वैरीण. आत पितळेच्या चार नाजूक पट्ट्या असतात, एक वाकली की संपलं, आणि आमच्याकडे दुसरं तोंड शिल्लक नव्हतं. मी बॅटरी काढली, अडॅप्टर काढला आणि उदबत्तीची काडी घेतली. तिच्यावरचा मसाला खरवडून बांबूचं टोक तासायचं, हे माझं खास अवजार. लवचिक असतं, धातूला ओरखडा उठत नाही, आणि वास बोनस. पट्ट्यांच्या उलट्या बाजूनं काडी आत सरकवली आणि हळूहळू ते लाल बाहेर ओढायला लागले.  दत्तानं डोळेच मिटून घेतले होते.

टेबलावर टिचकन काहीतरी पडलं. तिघंही वाकलो.

तांदळाचा दाणा होता. कुंकवात रंगवलेला.

"आरं, अक्षता हाय की ही!" आक्का म्हणाल्या.

वायर उपसली गेली, पोर्टाचं तोंड उघडं पडलं, आणि लोक अजून अक्षता टाकतच होते. त्यातली एक बरोबर आत. मग दत्तानं जोर लावून ती तळाला ठोकून बसवली. मी विचारलं, "पण आपल्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात ना?"

"नवऱ्याकडच्यांनी तांदळाच्या आनल्या व्हत्या," दत्ता म्हणाला. "म्हने, ज्वारी डोक्याला लागती."

ज्वारीचा टपोरा दाणा त्या फटीत शिरलाच नसता. पण हे मी आक्कांसमोर बोलले नाही, उगाच नव्या सोयरिकीत कशाला विघ्न. दाणा मी स्क्रू ठेवायच्या झाकणात टाकला.

दोन्ही तोंडं बसली. टक टक नाही, नुसती बारीक घरघर. दत्तानं त्याचं सॉफ्टवेअर उघडलं. अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग सापडलंय, दुरुस्त करू का, असं पडद्यावर आलं. बटण मीच दाबलं. पट्टी पुढे सरकायला लागली, अडली, पुन्हा सरकली. शेवटी फाईल तयार झाली. आक्का स्टूल पुढे ओढायला लागल्या तर मी म्हटलं, "थांबा, आधी प्रत काढायची, मग बघायचं. धंद्याचा नियम आहे." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की दत्ता इतकी वर्षं काय सोसत आलाय ते मला कळलं. पण मी हटले नाही. प्रत होईपर्यंत चहा झाला. दत्तानं दोनदा घेतला.

मग लग्न सुरू झालं. कॅमेऱ्यामागं माणूस नसल्यामुळे चित्र लांबून घेतलेलं, सगळा मांडव दिसणारं. मधे अंतरपाट, अलीकडे पूजा, तिच्यामागं फेटा बांधलेला दत्ता. आणि हा दत्ता सबंध मंगलाष्टकांत एकदाही भाचीकडे बघत नव्हता. डोळे वटारून थेट कॅमेऱ्याकडे बघत होता.

"पोरीकडं बगायचं सोडून हिकडं काय बगायलास रे?" आक्का त्याच्याशी बोलल्या. दारात येऊ नको म्हटल्यापासून पहिल्यांदा.

"चालू हाय का बगायलो व्हतो," दत्ता म्हणाला, आणि दोघंही हसायला लागली.

हसता हसता दत्ता एकदम पडद्याजवळ वाकला. चित्राच्या अगदी कडेला, मांडवाच्या खांबाशी, तुळस होती. हिरव्या लुगड्यातली एक बाई हातात तांब्या घेऊन उभी होती. शूटिंगला दुसरा कुणी असता, तर त्यानं नवरा-नवरीवर कॅमेरा नेला असता आणि ही कड कधी आलीच नसती. ती बाई पाठमोरी नव्हती. मान पूर्ण वळवून लग्नाकडे बघत होती. तांब्यातलं पाणी तुळशीत पडत नव्हतं, तिच्याच पायांवर सांडत होतं.

"आक्का," दत्ता म्हणाला, "तू तर बगायलीस की!"

मला वाटलं, आता बाई रागावणार, निदान ते कापून टाक म्हणणार.  आक्का माझ्याकडे वळल्या.

"बगितलं मॅडम. कोन आईला ऱ्हावंल? पर डोळे असे भरून आल्ते, मला कायबी दिसलं न्हाई. निसतं लाल-पिवळं हाललं. म्हनून तर ह्याच्या मागं लागले, की मला दाव."

मला एकदम माझी आई आठवली. तीही वळली असेल का? विचारायला ती आता नाही, आणि आमच्या लग्नात कॅमेराही नव्हता. मी चष्मा काढून पुसला. दत्ता भिंतीकडे तोंड करून फेटा नसलेलं डोकं खाजवत उभा राहिला.

"फिरून लाव," आक्का त्याला म्हणाल्या. "शेवटचं."

दत्तानं शेवटची मंगलाष्टका पुन्हा लावली. आक्का उठून उभ्या राहिल्या. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला. मग हात माझ्यापुढे केला.

"त्यो दाना द्या. समद्या गावानं टाकल्या, माजी ऱ्हायलीय."

मी झाकणातला दाणा त्यांच्या तळव्यावर ठेवला. पडद्यावर भटजींनी सूर लांबवला, 'सावधान' झालं, अंतरपाट खाली गेला, सगळ्यांचे हात वर उठले. दुकानातला आक्कांचाही. दाणा पडद्यावरच्या पूजाच्या कपाळाला लागला, तिथून उडाला आणि कीबोर्डवर पडून दोन बटणांच्या मधल्या फटीत दिसेनासा झाला.

"अहो आक्का, कीबोर्ड!" मी ओरडले. सवयच ती.

दत्तानं लॅपटॉप उलटा करायला हात घातला आणि मी चिमटा उचलला. आक्कांनी भावाच्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोचली ती."

मी चिमटा खाली ठेवला.